संदर्भसूची दुरुस्त केली तरी पुन्हा बिघडते : मराठी प्रबंधासाठी समस्या निवारण

तक्रार बहुतेकांची एकच असते. वर्डमध्ये बसून ‘शासन, महाराष्ट्र’चं ‘महाराष्ट्र शासन’ केलं, नावांपुढचे ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ काढले, सालं जुळवली. मग दुसऱ्या प्रकरणात एक नवा संदर्भ घातला आणि सूची होती तशी झाली. गाईडच्या लाल खुणा पुन्हा त्याच ओळींवर. सिनॉप्सिसच्या वेळी हे निभावतं, पण तीनशे नोंदींच्या प्रबंधात निभावत नाही.

कारण साधं आहे. झोटेरो किंवा मेंडेले ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर वर्डमध्ये जी सूची दाखवतात ती फील्ड असते, म्हणजे आतल्या नोंदींवरून दर वेळी नव्याने छापली जाणारी प्रत. तुम्ही प्रत खोडता, मूळ नोंद तशीच राहते. झोटेरोत मजकुरातला कंसातला संदर्भ हाताने बदलला तर निदान तो विचारतो की बदल ठेवू का. ‘हो’ म्हटलंत तर तो संदर्भ पुढे कधीच आपोआप सुधारत नाही. सूचीच्या बाबतीत तो विचारतही नाही, थेट पुसतो.

म्हणून आधी निदान करा. एकच नोंद चुकलेली असेल तर दोष त्या नोंदीत आहे. सगळ्या नोंदी एकाच पद्धतीने चुकत असतील, उदाहरणार्थ सगळीकडे ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) येतंय, तर दोष शैलीच्या, म्हणजे एपीए, एमएलए अशा संदर्भपद्धतीच्या, फाइलमध्ये किंवा भाषेच्या निवडीत आहे. वर्डमध्ये हात घालायची वेळ अगदी शेवटी येते, आणि तीही फाइलच्या वेगळ्या प्रतीवर.

नावं : सर्वांत जास्त घोळ इथे

झोटेरोत लेखकासाठी दोन चौकटी असतात, आडनाव आणि नाव. ‘महाराष्ट्र शासन’ त्यात दोन तुकड्यांत गेलं की ‘शासन’ आडनाव ठरतं आणि सूचीत ते ‘श’खाली जाऊन बसतं. ‘पुणे महानगरपालिका’, ‘भारत इतिहास संशोधक मंडळ’ यांची गतही हीच. चौकटीशेजारचं छोटं बटण दाबून दोन चौकटींची एक करा आणि पूर्ण नाव तिच्यात लिहा. ज्ञानेश्वर, तुकाराम, एकनाथ यांनाही एकच चौकट, आणि ‘संत’ हा शब्द वगळा. टोपणनावांचंही तसंच. पुस्तकाच्या आतल्या शीर्षकपानावर ‘कुसुमाग्रज’ असेल तर सूचीतही कुसुमाग्रज, ‘वि. वा. शिरवाडकर’ असेल तर आडनावाच्या चौकटीत शिरवाडकर. माणूस एकच आहे म्हणून आपण होऊन एका नावाखाली ढकलू नका. वाचक पुस्तक शोधणार ते त्यावर छापलेल्या नावाने. हवं तर एका नावापाशी ‘पाहा’ अशी नोंद करा.

उलट चूकही होते. सामान्य लेखकाचं ‘जाधव, अमुक’ हे नाव एकाच चौकटीत भरलं, तर मजकुरातल्या कंसात आडनावाऐवजी पूर्ण नाव छापलं जातं. असं दिसलं की तेच बटण उलट दाबायचं.

कंसात आडनावाआधी अचानक आद्याक्षरं उगवली, म्हणजे कुठे (जोशी, २०१५) आणि कुठे (वि. जोशी, २०१५), तर झोटेरोला दोन वेगळे जोशी दिसताहेत. एपीएसारख्या शैलीत तो आद्याक्षरं लावून त्यांना वेगळं करतो. दोन जोशी खरोखरच असतील तर हे बरोबरच आहे. बहुतेक वेळा मात्र एकाच लेखकाचं नाव एका नोंदीत ‘वि. का.’, दुसरीत ‘वि.का.’ आणि तिसरीत पूर्ण भरलेलं असतं. टिंब आणि मधली मोकळी जागासुद्धा फरक मानली जाते. झोटेरोतल्या तुमच्या ग्रंथालयात लेखकाच्या नावाने यादी लावा, सगळ्या नोंदींत नाव अक्षरशः सारखं करा, मग ‘रिफ्रेश’ दाबा.

एकाच पुस्तकाला २०१५ए आणि २०१५बी असे शेपटे लागले असतील तर तेच पुस्तक दोनदा भरलेलं आहे. ‘डुप्लिकेट आयटम्स’मध्ये जाऊन दोन्ही नोंदी ‘मर्ज’ करा. एक नोंद नुसती डिलीट केली तर मजकुरातले तिचे संदर्भ पोरके होतात. मर्ज केल्यावर जोडणी टिकते.

मर्जच्या यादीत जोडी दिसतच नसेल तर शंका घ्यायची ती ‘ऱ्या’ची. ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक टाइप केलं तर दुसरं सापडत नाही. एका की-बोर्डवर टिकून राहा आणि जुन्या नोंदी एकदाच बदलून घ्या.

संपादित ग्रंथातला लेख ही आणखी एक ठरलेली अडचण. मुखपृष्ठावर संपादकाचं नाव ठसठशीत असतं, म्हणून पूर्ण पुस्तक संपादकाच्या नावावर भरलं जातं आणि लेखाचा खरा लेखक सूचीत येतच नाही. नोंदीचा प्रकार ‘बुक सेक्शन’ निवडा, ‘ऑथर’मध्ये लेखाचा लेखक, नवी ओळ घेऊन तिथे ‘एडिटर’ निवडून संपादक, आणि लेख ज्या पानापासून ज्या पानापर्यंत आहे ती पानं.

साल, शके आणि ‘वर्ष ४२, अंक ३’

तारखेच्या चौकटीत देवनागरी आकडे टाकू नका. ‘२०१८’ हे झोटेरो साल म्हणून ओळखत नाही, मग क्रम आणि शेपटे दोन्ही बिघडतात. तिथे इंग्रजी आकडेच हवेत. तारीख नीट वाचली गेली की चौकटीच्या उजव्या टोकाला वर्ष, महिना, दिवस यांची इंग्रजी आद्याक्षरं पुसट दिसतात. वर्षाचं अक्षर तिथे नसेल तर साल पोचलेलं नाही.

मासिकांवर ‘वर्ष ४२, अंक ३’ छापलेलं असतं. त्यातलं ‘वर्ष’ म्हणजे खंड, तो ‘व्हॉल्यूम’मध्ये जातो, ‘अंक’ जातो ‘इश्यू’मध्ये. दिवाळी अंकासाठी इश्यूमध्ये ‘दिवाळी अंक’ लिहा आणि तारखेत फक्त साल. ‘2018-19’ असं जोडसाल तारखेत घालण्यात धोका आहे, कारण साल-रेघ-दोन आकडे हा साचा साल आणि महिना असा वाचला जातो. ‘1908-09’ म्हणजे त्याच्या लेखी सप्टेंबर १९०८.

जुन्या पुस्तकांवर नुसतं शके असतं. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत साधारण ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९. पौषात इंग्रजी साल बदलतं, तिथे तिथी पाहावी लागते. शके १८३० ज्येष्ठ म्हणजे १९०८, शके १८३० फाल्गुन म्हणजे १९०९. महिना छापलेलाच नसेल तर तारखेत 1908 भरा आणि सूचीच्या अंतिम प्रतीत चौकोनी कंसात [शके १८३०] जोडा. शक्यतो शके टाकून देऊ नका. जुन्या ग्रंथालयांच्या दाखल-नोंदींत पुस्तक कधी कधी त्याच सालाने सापडतं.

पुनर्मुद्रणांत मूळ साल आणि हातातल्या प्रतीचं साल दोन्ही लागतात. ‘गुलामगिरी’ १८७३ची, पण तुम्ही पानं उद्धृत केलीत ती समग्र वाङ्मयाच्या १९६९च्या आवृत्तीतली. एपीएप्रमाणे कंसात (फुले, १८७३/१९६९). नुसतं १८७३ लिहून १९६९च्या प्रतीतलं पान दिलंत तर व्हायवात तो पान क्रमांक कोणालाही सापडणार नाही. समग्र वाङ्मयाच्या नंतरच्या आवृत्त्यांत पानं वेगळी आहेत, म्हणून आवृत्तीही लिहा.

आयएसबीएन टाकून मराठी पुस्तकाची नोंद आपोआप आणली तर ती पुष्कळदा रोमन लिपीत येते, आणि प्रकाशकाच्या नावातही काही तरी मोडतोड असते. त्यापेक्षा जयकर ग्रंथालयात किंवा भांडारकर संस्थेत पुस्तक हातात असतानाच, परवानगी असेल तर, आतलं शीर्षकपान आणि त्यामागचं प्रकाशक-मुद्रकाचं पान असे दोन फोटो काढून नोंदीला जोडून ठेवा. ‘आवृत्ती दुसरी’ की ‘पुनर्मुद्रण’ हा वाद वर्षभराने त्या फोटोवरच मिटतो.

मजकुरातला कंस आणि मराठी विभक्ती

‘(जाधव, २०१८) यांनी म्हटले आहे’ हे मराठी वाक्य नव्हे. ‘जाधव (२०१८) यांच्या मते’ किंवा ‘फुल्यांनी (१८७३/१९६९) दाखवल्याप्रमाणे’ असं लिहायचं असेल तर नाव तुम्ही स्वतः टाइप करा, संदर्भाच्या चौकटीत त्या नोंदीवर टिचकी मारा आणि ‘ओमिट ऑथर’ची खूण करा, जुन्या आवृत्तीत तिला ‘सप्रेस ऑथर’ म्हणतात. पान क्रमांकही त्याच चौकटीत भरा. कंस मिटल्यावर बाहेर टाइप केलेलं ‘पृ. ४५’ शैली बदलली की भलत्या जागी लोंबकळत राहतं.

‘एट अल.’ऐवजी ‘आणि इतर’

डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये भाषेची यादी आहे. ती फिकट दिसत असेल आणि उघडत नसेल (म्हणजे शैलीनेच भाषा बांधून घातली आहे), किंवा यादीत मराठी सापडत नसेल, तर शैलीची फाइल बदलावी लागते. झोटेरोत त्यासाठी ‘स्टाइल एडिटर’ आहे. तिथे शैली उघडून ‘लोकेल’च्या, म्हणजे भाषेच्या, भागात संज्ञा बदलता येतात. एट अल.साठी ‘आणि इतर’, अँडसाठी ‘आणि’, एडिटरसाठी ‘संपा.’, पेजसाठी ‘पृ.’. ‘इन’ या संज्ञेपाशी अडखळायला होतं. इंग्रजीत ती पुस्तकाच्या नावाआधी येते, मराठीतलं ‘मध्ये’ नंतर. तिथे ‘समाविष्ट :’ लिहिलं की आधी आलं तरी वाचताना खटकत नाही. काही शैलींत ‘अँड’च्या जागी थेट ‘&’ हे चिन्ह लिहिलेलं असतं; ते संज्ञा बदलून जात नाही, शैलीच्या नियमांतच बदलावं लागतं.

एक खबरदारी घ्या. शैलीचं शीर्षक आणि तिची आयडी दोन्ही बदलून मगच जतन करा. आयडी तीच राहिली तर झोटेरो शैली अद्ययावत करताना तुमची मराठी फाइल पुसून मूळची आणेल. ‘परवा चालत होतं, आज पुन्हा एट अल.’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

आता इंग्रजी नोंदींतही ‘आणि इतर’ येईल. त्यावर आमचं मत असं की मजकूर मराठी असेल तर मजकुरातल्या कंसात सगळीकडे ‘आणि इतर’ चालवून घ्यावं, आणि सूचीतला इंग्रजी विभाग शेवटच्या प्रतीत हाताने नीट करावा. मराठी प्रबंधांत सूचीचे मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, कोश, नियतकालिके, अहवाल असे पाच-सहा भाग पाडायची चाल आहे. तळटीपांच्या शैलीत ते शोभतं. लेखक-साल शैलीत मात्र (पवार, २००९) वाचून वाचकाने पाच याद्या धुंडाळायच्या? त्या शैलीत लिपीनुसार दोनच भाग पुरेत.

वर्णक्रम

क्षीरसागर कुठे बसवायचं, ‘क’त की ‘ह’नंतर? युनिकोडच्या सांकेतिक क्रमाने क्ष हा क, हलन्त आणि ष असा असल्याने ‘क’खाली जातो, ज्ञ ‘ज’खाली जातो, आणि ळ लगेच ‘ल’च्या मागे येतो. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. वर्डमध्ये ‘सॉर्ट’च्या ‘ऑप्शन्स’मध्ये क्रमवारीची भाषा निवडता येते, ती मराठी करून पाहा आणि क्ष, ज्ञ, अनुस्वार असलेली नावं डोळ्यांनी तपासा. कोणताही क्रम ठेवा, पण सूचीच्या आरंभी एका ओळीत सांगा.

क्रमच लागत नसेल, किंवा सूचीत इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत असेल, तर नोंद श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमधून चिकटवलेली आहे. अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याने टाइप केलेल्या जुन्या प्रकरणांत हे हमखास निघतं. तिथे अक्षरं आतून रोमनच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा चेहरा देतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग नोंद. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार एकदा वाचून काढा.

आणि विसर्ग. ‘पुणे ः’ असं टाइप करून अपूर्णविरामाचं काम विसर्गाकडून करून घ्यायची डीटीपीतली सवय सूचीभर पसरते. मोकळी जागा आणि त्यानंतर विसर्ग, असं शोधून सगळीकडे बदला. त्या जोडीत खरा विसर्ग जवळजवळ कधीच नसतो.

तळटीपांतलं ‘तत्रैव’

इतिहास आणि साहित्याच्या प्रबंधांत ‘तत्रैव, पृ. ४५’ (लगेच आधीच्या टीपेतलाच ग्रंथ) आणि ‘उ. नि.’ (आधी कुठेतरी उल्लेखलेला ग्रंथ) सर्रास असतं. हाताने टाइप केलेलं ‘तत्रैव’ आधीच्या टीपेवर टेकलेलं असतं. मध्ये एक नवी टीप घुसली की ते भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतं, आणि हे पानावर पाहून कळतही नाही. शिकागो शैलीपुस्तिकेच्या २०१७च्या सतराव्या आवृत्तीनेही ‘इबिड’ला (इंग्रजीतल्या ‘तत्रैव’ला) मागे सारून संक्षिप्त नोंद पुढे आणली आहे. तेच करा : पहिल्यांदा पूर्ण नोंद, नंतर आडनाव, लहान शीर्षक, पान. विभागाचा आग्रह ‘तत्रैव’चाच असेल तर लिहिताना संक्षिप्त नोंदी ठेवा आणि सगळं लेखन गोठल्यावर एका बैठकीत ‘तत्रैव’ घाला.

मुळात शैली कोणती

विभागाची किंवा नियतकालिकाची लेखी सूचना असेल तर प्रश्न संपला. नसेल तर विषय पाहा. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्राला एपीए, आज चालू असलेली सातवी आवृत्ती, २०१९ची. भाषा-साहित्याला एमएलए, नववी आवृत्ती, २०२१. इतिहासाला शिकागोची तळटीप-पद्धत, अठरावी आवृत्ती, २०२४. अभियांत्रिकीला आयईईई आणि वैद्यकाला व्हँकुव्हर. दोन्हींत संदर्भ आले त्या क्रमाने आकडे पडतात.

सूचनेत नुसतं ‘हार्वर्ड’ लिहिलं असेल तर विचारून घ्या, कारण हार्वर्ड नावाची एकच अधिकृत पुस्तिका नाही. ते लेखक-साल पद्धतीचं सैल नाव आहे आणि विद्यापीठागणिक विरामचिन्हं बदलतात. नुसतं ‘एपीए’ लिहिलं असेल तर आवृत्ती विचारा. प्रकाशनस्थळ सातव्या आवृत्तीत गळलं, सहावीत होतं. तुमच्या सूचीत निम्म्या पुस्तकांना ‘पुणे’ आहे आणि निम्म्यांना नाही, तर दोन आवृत्त्या मिसळल्या आहेत. वर्डच्या स्वतःच्या ‘रेफरन्सेस’ टॅबमध्ये एपीएपुढे ‘सिक्स्थ एडिशन’ दिसत असेल तर ती सोय सातवीसाठी वापरू नका. गूगल स्कॉलरच्या ‘साइट’ चौकटीतून उचललेल्या तयार ओळीही न तपासता चिकटवू नका. त्या त्यांच्या आपोआप गोळा केलेल्या नोंदींवरून बनतात, लेखकनाव चुकलेलं असेल तर तसंच येतं.

पुण्यात पेशवे दफ्तराच्या कागदांवर काम करणाऱ्यांनी एपीएचा हट्ट धरू नये. पुराभिलेखाला दफ्तराचं नाव, रुमाल (कागदांचं गाठोडं) क्रमांक, कागदाचा क्रमांक, कोणाकडून कोणाला आणि तारीख एवढं लागतं, आणि हे तळटीपेतच मावतं. कागदावर शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन येतो. वर्ष जूनच्या सुमारास, मृगाला, बदलतं. मूळ सन आधी, इसवी नंतर. शासन निर्णयासाठी विभाग, निर्णय क्रमांक, दिनांक आणि असेल तर संकेतांक द्या. ‘जीआर, २०१६’ एवढ्यावर कोणताही निर्णय सापडत नाही.

जोडणी आणि बाइंडिंगआधीचा दिवस

प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत असतील तर सगळ्यांत शैली एकच ठेवा, मग एका फाइलमध्ये एकत्र चिकटवा, प्रत्येक प्रकरणाखालची सूची काढा, शेवटी एकच घाला आणि रिफ्रेश करा. गाईडना फाइल पाठवताना ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून जतन झाली तर फील्ड मरतात आणि संदर्भ साधा मजकूर होऊन परत येतात. ओळखायची खूण : संदर्भावर टिचकी मारली तरी राखाडी छटा येत नाही. खरोखरच लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्समध्ये न्यायचं असेल तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधला ‘स्विच टू अ डिफरंट वर्ड प्रोसेसर’ हा पर्याय वापरा. गाईडना तपासायला पीडीएफ पाठवणं सर्वांत बिनधोक.

साम्य तपासणीच्या अहवालाआधी तपासणाऱ्याला सूची वगळायला सांगा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजणीबाहेर आहेत, आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. अवतरणचिन्ह लावायचं राहिलेलं अवतरण मात्र मोजलं जातं, पुढे कंसात संदर्भ असला तरी.

सगळं गोठल्यावर फाइलची प्रत करा आणि त्या प्रतीवरच ‘अनलिंक सायटेशन्स’ दाबा. मूळ जिवंत फाइल जपा, कारण व्हायवानंतरच्या दुरुस्त्या तिच्यातच करायच्या आहेत. प्रतीत आता सूचीचे दोन भाग पाडा, २०१५एचं २०१५अ करा, शके जोडा. इंग्रजी आकडे देवनागरी करायचे तर फक्त मराठी भाग निवडून करा. ‘रिप्लेस ऑल’ पूर्ण फाइलवर चालवलं तर डीओआय आणि वेबपत्त्यांतले आकडेही बदलतात आणि एकही दुवा उघडत नाही.